बॉल परत येत नाही: मोटर खोलण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं.

बोलिंगच्या लेनवर बॉल जातो, पिना पाडतो, मागच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, धप्प वाजतं आणि पुढे शांतता. किंवा लेनखालून घरंगळत येताना ऐकू येतो, बॉल वर रॅकवर चढवणाऱ्या पुढच्या लिफ्टच्या तोंडाशी थबकतो, थोडा मागे जातो, परत पुढे येतो आणि झोपाळ्यासारखा झुलत राहतो. किंवा लिफ्टमध्ये शिरतो पण वर चढत नाही. रबर फिरतंय, बॉल जागच्या जागी गरगरतोय आणि जळक्या टायरसारखा वास सुटलाय. किंवा एक अडकतो, मागून दुसरा येऊन त्याला ठोकर देतो, दोघे मिळून वर येतात आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "झालं काका, सुटलं आपोआप."

हे शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. आपोआप सुटलेला बॉल शनिवारी रात्री, सगळ्या लेन भरलेल्या असताना आणि एखाद्या वाढदिवसाचा केक कापायच्या तयारीत असताना परत अडकतो.

मुंबईतल्या मॉलमधल्या गेम झोनची यंत्रं बघायचं काम मी चौदा वर्षं करतोय. ह्या एका तक्रारीसाठी लेनच्या कडेला पोटावर इतक्या वेळा झोपलोय की बायको शर्टावरचा डाग बघून सांगते, आज कुठल्या मॉलला होतास. इतक्या वेळा झोपून एक गोष्ट पक्की कळली. बॉल जिथे थांबतो तिथे बिघाड क्वचितच असतो. ज्या जागी त्याचा वेग मेला, तिथे असतो. लोक लिफ्टशी थांबलेला बॉल बघतात आणि लिफ्टची मोटर खोलतात. मोटर बिचारी ठणठणीत असते.

असं का, हे कळायला बॉलची वाट डोळ्यासमोर आणावी लागते. शेजारच्या दोन लेनना मिळून परतीची वाट एकच. पिटमधल्या पडद्यावर आपटून बॉल खाली येतो, एका दारातून दोन यंत्रांच्या मधल्या जागेत शिरतो. तिथे अ‍ॅक्सिलरेटरचा पट्टा त्याला रुळांवर दाबून धरतो आणि पुढे भिरकावतो. मग लेनखालचे रूळ, मग पुढची लिफ्ट, मग रॅक. आता बघा, ह्या रुळांवर कुठेही मोटर नाही. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फुटांची. तेवढं अंतर, आणि वर आणखी थोडं, बॉल मागे मिळालेल्या एका धक्क्यावर कापतो. कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटला की पुढे त्याला कोणी ढकलत नाही, तसंच. सुरुवातीचा धक्का कमी पडला किंवा वाटेत काही घासलं, तर त्याचा परिणाम दिसतो तो थेट शेवटी, लिफ्टच्या तोंडाशी, जिथे रूळ जरा चढतात.

(काही जुन्या यंत्रांत अ‍ॅक्सिलरेटर नसतो, बॉल मागेच उंच उचलून उतारावर सोडतात. तुमचं तसं असेल तर पुढे जिथे अ‍ॅक्सिलरेटरचा पट्टा म्हटलंय तिथे मागच्या लिफ्टचा पट्टा समजा. ही उताराची युक्ती खरं तर सगळ्यात जुनी. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्वयंचलित पिनसेटर सर्रास बसायला लागले, त्याआधी पिना उभ्या करायला पोरं ठेवलेली असत आणि तीच बॉल उचलून उतारावर सोडत.)

हात घालण्याआधी

लेन बंद करणं म्हणजे कॉम्प्युटरवर बंद करणं नव्हे. एकदा मी लिफ्टचं झाकण काढून आत फडकं फिरवत होतो. काउंटरला सांगून आलो होतो. तेवढ्यात शिफ्ट बदलली. नव्या मुलीला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिने त्या दोन लेनच्या जोडीवर ग्राहक बसवला आणि बटण दाबलं. रबराने फडकं हातातून ओढून नेलं. फडक्याऐवजी बोटं असती, एवढंच म्हणतो.

तेव्हापासून नियम असा. त्या जोडीचा एमसीबी, म्हणजे पॅनेलमधला आपोआप पडणारा विजेचा स्विच, खाली, त्यावर स्वतःचं छोटं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. एमसीबीला कुलूप लावायची क्लिप लोहार चाळीत मिळते. मग स्टार्ट बटण दाबून खात्री करायची की खरंच काही फिरत नाही. नंतर अ‍ॅप्रोचवर, म्हणजे बॉल टाकायला चालत येतात त्या जागेवर, दोन खुर्च्या आडव्या टाकायच्या, कारण तुम्ही मागे असताना पुढून कोणी उत्साहाने बॉल सोडला तर तो सात किलोचाही असू शकतो. सोळा पौंडी बॉल म्हणजे ७.२६ किलो. आणि लेनवरून चालत मागे जाऊ नका. तेलावरून पाय गेला की आधी कंबर जाते, मग बुटाला लागलेलं तेल सगळीकडे पसरतं.

पहिली तपासणी: फुकटातली

वही काढा. कुठल्या जोडीवर, किती वाजता, कुठल्या वजनाचा बॉल, कुठे थांबला. एवढ्या चार गोष्टी आठवडाभर लिहा. कंटाळवाणं आहे, पण मी पाना उचलण्याआधी वही मागतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

वजनाचा रकाना का महत्त्वाचा, ते सांगतो. जड बॉल अडकत असतील आणि हलके नीट येत असतील, तर संशय पट्ट्यावर किंवा लिफ्टच्या रबरावर घ्या. घसरणारा पट्टा जेमतेम ओढ देतो. त्या ओढीत सहा पौंडाचा बॉल पळतो, चौदा पौंडाचा रेंगाळतो. उलट हलके बॉल अडकून जड येत असतील, तर संशय रुळांवर घ्या. वाटेत कचरा, चिकटपणा, उंच झालेला सांधा असं काही असलं, की जड बॉल स्वतःच्या जोरावर ते तुडवून जातो, हलका तिथेच दम सोडतो. दोन्ही प्रकारचे अडकत असतील तर सगळंच तपासा. हा नियम दर वेळी लागू पडेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची हे त्यावरून ठरतं.

वेळेचा रकानाही बघा. फक्त सकाळी मॉल उघडल्यावर पहिला तासभर त्रास होतो का? जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास. रात्री एसी बंद, हवेत पाणीच पाणी, लोखंडी रूळ गार. त्यांच्यावर दमटपणा बसतो, त्यात तेल आणि धूळ कालवली जाते आणि सकाळी त्याचं काळं लोणी झालेलं असतं. दुपारपर्यंत एसीने हवा कोरडी झाली की तक्रार बंद. मॅनेजर म्हणतो, तुम्ही आलात आणि लगेच बरं झालं. मी काहीच केलेलं नसतं.

अजून एक फुकटची गोष्ट. सगळं नीट चालू असताना प्रत्येक जोडीचा वेळ मोजून ठेवा. पिटमधल्या धप्पपासून बॉल रॅकवर दिसेपर्यंत, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, दहा पौंडाचा एकच बॉल वापरून. तुमच्या यंत्राचा आकडा माझ्या यंत्रासारखा नसेल, त्याने काही बिघडत नाही. ज्या दिवशी एखादी जोडी स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन सेकंद जास्त घ्यायला लागते, त्या दिवशी बिघाड सुरू झालेला असतो. अडकणं पंधरा दिवसांनी येतं.

दुसरी: रॅक आणि बॉल

रॅकवर बॉल दाटीवाटीने भरले असतील तर वर येणाऱ्याला जागाच नसते. दोन लेनवर मिळून आठ-दहा बॉल पुरे. दहा जणांचा ग्रुप आला की प्रत्येकाला स्वतःचा बॉल हवा असतो. हसून परत कपाटात ठेवायला लावा. लिफ्टच्या तोंडावर कोणी जॅकेट, पर्स, फोन ठेवलाय का बघा. मुलं रॅकला लटकत असतील तर आईबापांना तिथल्या तिथे सांगा, कारण वर येणारा बॉल आणि थांबलेला बॉल यांच्या मधे बोट सापडलं तर त्यावर समस्या निवारण नाही.

मग बॉल हातात घेऊन बघा. अंगठ्याच्या भोकाची कड उडालेली, तडा गेलेला, पृष्ठभाग खरवडलेला बॉल बाजूला काढा. असा बॉल पट्टाही फाडतो. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास साडेआठ इंचांहून कमी नसतो आणि ८.५९५ इंचांहून जास्त नसतो. यंत्राची सगळी फट याच मापाला बांधलेली. एका ठिकाणी लहान मुलांसाठी कुठून तरी आणलेले, मापाला अंमळ कमी असलेले बॉल होते. पट्ट्याची पकडच बसायची नाही. तीन महिने लोक यंत्राला शिव्या देत होते.

तिसरी: पुसणं

शंभरातल्या सत्तर तक्रारी इथेच संपतात. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण पैज लावायला तयार आहे.

लेनवर तेल मारलेलं असतं, हे खेळणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं. साधारण पहिल्या चाळीस फुटांवर, एका लेनवर वीस-पंचवीस मिलिलिटर. बॉल ते अंगाला फासून मागे जातो, पट्ट्याला देतो, रुळांना देतो, लिफ्टच्या रबराला देतो. दिवसाला शेकडो फेऱ्या. रबर तेल पितं, वर धूळ बसते, दाबाने ती घोटली जाते आणि पट्टा काचेसारखा चकाकायला लागतो. नवीन हेल्परला चकाकणारा पट्टा स्वच्छ वाटतो. तो मेलेला असतो. चांगला पट्टा मळकट, मंद दिसतो आणि हाताला किंचित धरतो.

पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोलने. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे कॅनमध्ये मिळतं. सुती फडकं ओलं करायचं, पट्टा हाताने थोडा थोडा फिरवत पूर्ण पुसायचा, फडकं काळं झालं की बदलायचं. लिफ्टची रबरी चाकं किंवा पट्टे तसेच. मग दहा मिनिटं वाळू द्या आणि वास पूर्ण गेल्यावरच वीज चालू करा. हे पेट घेतं, म्हणून आसपास सिगरेट नको, मोटर गरम नको, आणि फिरत्या पट्ट्यावर फवारा मारायचा तर अजिबात नको. घाईत असलेले लोक नेमकं तेच करतात.

रॉकेल, पेट्रोल, थिनर बंद. पुसताना छान निघतं, पण रबर फुगतं आणि महिन्याभरात भेगा पडतात. गंज काढायचे ते स्प्रे तर तेलाचेच भाऊबंद.

आणि राळ लावू नका. हे मी स्वतः करून बसलोय. माझे वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते, १९८२च्या संपात त्यांचं काम सुटलं. गिरणीत सपाट पट्टा घसरायला लागला की राळ चोळायचे, असं ते सांगत. मला वाटलं, घरचा इलाज आहे. पहिले तीन दिवस बॉल गोळीसारखे आले आणि मी वडिलांना फोन करून शेखीही मिरवली. चौथ्या दिवशी पट्ट्यावर धूळ, केस, पॉपकॉर्नचे तुकडे असे चिकटले जसे गुळाला मुंगळे. राळ बॉलवर आली, बॉलवरून लोकांच्या हातावर, हातावरून बुटाच्या तळव्यावर. बोलिंगमध्ये शेवटचं पाऊल घसरत जावं लागतं. चिकट तळव्याने पाय जागीच थांबला आणि एक माणूस तोंडावर आपटता आपटता राहिला. वडील म्हणाले, "अरे, गिरणीत पट्ट्यावर कोणी चेंडू सोडत नव्हतं."

पुसून झाल्यावर नखाची परीक्षा. पट्ट्यावर नख दाबा. रबर दबलं आणि परत वर आलं तर पट्टा अजून चालेल. लाकडावर दाबल्यासारखं कडक लागलं, तर कितीही पुसा, दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढणारे आहेत. मीही अडल्या वेळी केलंय, एक-दोन शनिवार-रविवार निघतात. पण तो नवीन पट्टा येईपर्यंतचा जुगाड, त्यापलीकडे त्याला किंमत नाही.

हे पुसणं आठवड्यातून एकदा, आणि रॅकवरचे सेंटरचे बॉलही त्याच दिवशी. पट्टा पुसला आणि तेलकट बॉल तसेच ठेवले, तर सोमवारी पुसलेलं बुधवारी परत तिथेच.

चौथी: रूळ

दोन लेनच्या मधली झाकणं उचलली की रूळ दिसतात. कुलूप लावलंय ना? मग बॅटरी घेऊन आडवे व्हा.

आजवर मला काय काय मिळालंय. स्ट्रॉ, पेनाची टोपणं, नाणी, लहान मुलाचा एक मोजा, पिनेचं उडालेलं टवकं, आणि एकदा कागदात गुंडाळलेला अर्धा वडापाव, जो आमच्याच कोणीतरी घाईत लपवला होता. फुग्यांच्या रिबिनी वेगळ्याच. वाढदिवसाला फुगे बांधतात, रिबीन तुटून बॉलबरोबर आत जाते आणि लिफ्टच्या शाफ्टला इतकी घट्ट गुंडाळते की बेअरिंग तापतं. कात्रीने कापून काढावी लागते, ओढून येत नाही. आता जिथे मी जातो तिथे रॅकपाशी फुगे बांधू देत नाही. मॅनेजर नाराज होतात.

आणि उंदीर. मुंबईत मॉल कितीही चकचकीत असला तरी लेनखाली त्यांचं राज्य, आणि खाली सांडलेले नाचोज म्हणजे त्यांना रोजचं जेवण. कागद कुरतडून रुळांच्या आडोशाला घरटं करतात. त्या चिंध्यांवरून जाताना हलका बॉल दमतो. घरटं दिसलं की आसपासच्या वायरी तपासा. कुरतडलेली वायर दिसली तर तिथेच थांबा, झाकण ठेवा, वायरमनला बोलवा. टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, खाली तेल आणि कागद दोन्ही आहे.

कचरा काढून, लांब काठीला फडकं बांधून रूळ पुसा. मग सांधे. बोट हलकेच फिरवून प्रत्येक सांधा तपासा. बॉल मागून पुढे येतो, म्हणून पुढचा तुकडा मागच्यापेक्षा कणभरही वर नको. खाली असला तर बॉल उतरून जातो, वर असला तर प्रत्येक बॉल तिथे ठेचकाळतो. चालू असताना कान लावलात तर एकसारख्या घरघरीच्या मधे एक "टक्" ऐकू येतो. तो टक् म्हणजे हरवलेला वेग. एका जोडीवर आठवडाभर लिफ्टशी झटापट केल्यावर मला असा सांधा सापडला, लिफ्टपासून चांगला वीस-बावीस फूट मागे. एक बोल्ट ढिला होता. पाच मिनिटांचं काम, त्याआधी नवीन मोटरचं कोटेशन काढून झालं होतं.

तळघरात लेन असतील आणि रुळांच्या खालच्या जागेत पाणी दिसलं, तर पुढची कुठलीच तपासणी करू नका. मेन बंद करून मॉलच्या इलेक्ट्रिकल विभागाला कळवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवसासारखं काही लागत नाही, एक तुंबलेलं गटार पुरतं.

पाचवी: ताण आणि पुली

आता पाना लागतो. मोटरकडून शाफ्टकडे जाणारा व्ही-बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. दोन पुलींमध्ये दोन फुटांचं अंतर असेल तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. लोंबत असेल तर घसरतो. तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजत असेल तर बेअरिंग खातो, आणि बेअरिंग व्ही-बेल्टपेक्षा महाग. पट्टा घसरतोय म्हणून ताण वाढवत राहायचं, ही सगळ्यात मोठी चूक. आधी पुसा, मग ताण बघा. उलट्या क्रमाने केलंत तर तेलकट पट्टाच आवळून बसाल.

पुलीचा स्क्रू ढिला आहे का, तेही बघा. शाफ्टवर आणि पुलीवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा. दिवसभर चालवून, परत कुलूप लावून बघा. रेघ तुटली असेल तर शाफ्ट फिरतोय आणि पुली मागे राहतेय. पुली हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग बदलायला झालं.

व्ही-बेल्ट आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला नंबर दाखवला की मिळतात, अस्सलच घ्या. अ‍ॅक्सिलरेटरचा सपाट पट्टा मात्र तिथून मापाने कापून आणू नका. साधा कन्व्हेयरचा पट्टा दिसायला तोच, पण पृष्ठभाग कडक आणि जोड जाड. प्रत्येक फेरीला जोड बॉलला दणका देतो.

सहावी: जन्मजात मंद लेन

काही जोड्या पहिल्या दिवसापासूनच सुस्त असतात. पुसा, ताणा, बदला, काही फरक नाही. यंत्र अमेरिकेतून सेकंडहँड आलेलं असेल तर मोटरची नेमप्लेट वाचा. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तिकडे १७२५ फेऱ्यांनी फिरणारी मोटर इथे १४४०च्या आसपास फिरते, म्हणजे पाच षष्ठांश. पट्टाही तेवढाच हळू. वेग पाच षष्ठांश झाला की बॉलमधला जोर वर्गाने घटतो. छत्तिसातले पंचवीसच उरतात, जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. मग शेवटच्या चढावर तो धापा टाकणारच.

असं एक ठिकाण मी बघितलंय, जिथे माझ्याआधी दोघांनी मोटरी रिवाइंड केल्या होत्या. मोटरीची चूक नव्हतीच. मोटरवरची पुली सहास पाच या प्रमाणात मोठी, म्हणजे पाच इंची असेल तर सहा इंची, केल्यावर वेग मूळपदावर येतो. पण हे तुम्ही करू नका. मोठी पुली म्हणजे मोटरवर जास्त भार, आणि कमी फ्रिक्वेन्सीवर त्याच व्होल्टेजला ती मोटर आधीच जास्त तापते. ५० हर्ट्झचा संच यंत्र बनवणाऱ्या कंपन्या देतात. तो मागवा आणि जाणकाराकडून बसवा. इथे तुमचं काम नेमप्लेटचा फोटो काढण्यापुरतं.

इथून पुढे हात काढून घ्या

सगळ्या जोड्या एकाच वेळी बिघडल्या तर तुमच्या यंत्रात काही शोधू नका, विजेत शोधा, आणि ते काम लायसन्सधारक वायरमनचं. एका मॉलमध्ये रात्री पॅनेलचं काम झालं आणि सकाळी सगळे अ‍ॅक्सिलरेटर उलटे फिरायला लागले. बॉल पुढे यायच्याऐवजी परत पिटकडे. तीन फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. हेल्पर पोरगा पट्टे काढून उलटे बसवायच्या बेतात होता. एक फेज गेली असेल तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि तापत जाते. सिंगल फेजची मोटर अशी गुणगुणली तर बहुधा कॅपॅसिटर. पण कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतो, त्याला हात लावू नका. गुणगुणणाऱ्या मोटरला हाताने किंवा काठीने ढकलून सुरू करणारे पाहिलेत. त्यातल्या एकाचं मनगट अजून नीट वळत नाही.

एमसीबी एकदा पडला तर एकदाच वर करा. परत पडला तर राहू द्या. धूर, जळका वास, लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या, लिफ्टच्या सांगाड्याला तडा, साखळी किंवा गार्ड काढून चालू यंत्रात बघावं लागेल असं काहीही असेल, तर जोडी बंद करा आणि ग्राहकाला दुसरी लेन द्या.

पिटच्या आतलं सगळं पिनसेटरच्या मेकॅनिकचं. बॉलचं दार उघडत नाही, पिन दारात आडवी अडकली, पडदा फाटला, तळाचा पट्टा सरकला, ह्यातलं काहीही बाहेरून काठीने सोडवायचा मोह होतो. दीड किलोच्या दहा पिना उचलून ठेवणारं ते यंत्र आहे, काठी आणि मनगट यांत ते फरक करत नाही.

मेकॅनिकला फोन करताना "बॉल येत नाही" एवढंच सांगू नका. त्याला परत यावं लागतं, तुम्हाला व्हिजिटचे पैसे दोनदा पडतात. वहीचं पान, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, व्ही-बेल्टवरचा नंबर, आणि बॉल येतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. आवाज झाकण बंद ठेवून घ्या आणि मागचं म्युझिक बंद करायला सांगा, नाहीतर टक् ऐकू येत नाही.